चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

मागच्या भागात आपण देवीच्या रोगाबद्दल बोललो. आजचा विषय दिसायला अगदीच किरकोळ आहे. मीठ, साखर आणि पाणी, बस्स.

१९७१ सालचा जून महिना. पूर्व पाकिस्तानातून माणसांचे लोंढे भारतात येत होते, वर्षभरात हा आकडा एक कोटीच्या आसपास गेला. सीमेलगत बनगाव म्हणून गाव आहे, तिथल्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. कोलकात्याहून डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोचले. रुग्णालयाच्या फरशीवर माणसं पडलेली, आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. तेव्हा त्यांनी एक निर्णय घेतला. ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, पिंपात पाणी भरून त्यात त्या विरघळवल्या, पिंपाला तोटी लावली आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं : पेले भरा, पाजत राहा.

मृत्यूचं प्रमाण शेकडा ३० च्या घरात होतं, ते ४ च्याही खाली आलं.

हे सगळं अचानक सुचलेलं नव्हतं. कोलकात्याच्याच डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी १९५३ मध्ये पटकीच्या १८६ रुग्णांना तोंडावाटे असं पाणी देऊन ते ‘लॅन्सेट’मध्ये छापलं होतं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे शास्त्रज्ञांना कळलं की जुलाबात आतडं मीठ शोषून घेत नाही, पण सोबत ग्लुकोज असलं की घेतं, आणि मिठामागोमाग पाणीही आत जातं. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णांवर हे दाखवून दिलं. बनगावात पहिल्यांदा हे काम डॉक्टरच्या हातून सुटून आई, बहीण, नवरा यांच्या हातात गेलं. मला त्या शोधापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

आता थोडं घरचं सांगते. मी इंदूरची. १९८७-८८ च्या सुमारास आमच्याकडे टीव्ही होता आणि दूरदर्शनवर मीठ-साखर-पाण्याच्या घोलाची जाहिरात लागायची. आम्हा भावंडांना ती पाठ होती. आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई यायच्या, मागच्या वस्तीत राहायच्या. दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या दारातच बसल्या. आठ महिन्यांची मुलगी जुलाबानं गेली होती. आईनं विचारलं, “पानी पिलाया था?” त्या म्हणाल्या, “पानी देते तो और दस्त लगते न, बाई.”

आईला पुढे बोलता आलं नाही. त्यांच्यावर हसायचं कारण नाही. माझी आजीही हेच मानायची : हगवण लागली की पोटाला विश्रांती, पाणी बंद. फरक एवढाच की आमच्या घरात जाहिरात पोचली होती. ती भिंतीपलीकडे गेली नाही, आणि आम्हीही ती त्यांना कधी सांगितली नव्हती. हे मी आज पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बोलते आहे.

याच काळात सीमेपलीकडे काय चाललं होतं बघा. बांगलादेशात ‘ब्रॅक’ नावाच्या संस्थेनं १९८० ते १९९० या दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरांत बायका पाठवल्या. पत्रकं वाटली नाहीत, कारण वाचणार कोण? घरच्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करायची, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, आणि आईनं स्वतः ते करून दाखवायचं. खरी गंमत पगारात होती. महिन्याभरानं दुसरा माणूस त्यातल्या काही घरी जायचा आणि आईला किती आठवतंय ते तपासायचा. जेवढं आठवेल तेवढे शिकवणारीला पैसे. म्हणजे ‘आम्ही सांगून आलो’ एवढ्यावर काम भागत नसे, समोरचीला कळलं तरच भागे.

तरी आधी फसलंच. बायांना कृती येत होती, पण मूल आजारी पडलं की वापरत नव्हत्या. चौकशी केली तर शिकवणाऱ्यांचाच त्यावर पूर्ण विश्वास नव्हता! मग आधी त्यांना हे का चालतं ते समजावलं, घरोघरी स्वतः घोट घेऊन दाखवायला सांगितलं. पुरुषांनाही बोलावलं, कारण दुकानातून गूळ आणणारे तेच.

आपल्याकडे ओआरएसच्या पुड्या निघाल्या, जाहिराती झाल्या, आरोग्य केंद्रांत साठे गेले. पण १९९१ च्या जनगणनेत देशात स्त्रियांची साक्षरता जेमतेम ३९ टक्के होती. पुडीवर लिहिलेलं ‘एक लिटर पाण्यात’ हे वाचायचं कोणी? आणि पेलाभर पाण्यात आख्खी पुडी टाकली तर बाळाच्या पोटात मीठ जादा जाऊन अपायच होतो. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या दर चार मुलांपैकी एकालाच ओआरएस मिळालेलं दिसतं. ज्या देशाच्या मातीत हे औषध सिद्ध झालं, तिथे! न शिकलेल्या आयांच्या मुलांना आणखी कमी. तोपर्यंत बांगलादेश तीन-चतुर्थांशाकडे पोचला होता.

२००५ नंतर आशा कार्यकर्त्या आल्या आणि २०१४ पासून पावसाळ्याच्या तोंडावर त्या घरोघरी पुड्या देऊ लागल्या, घोल करून दाखवू लागल्या. २०१९-२१ च्या पाहणीत प्रमाण ६० टक्क्यांवर गेलं. महालनबीस २०२२ मध्ये वारले, पद्मविभूषण त्यांना त्यानंतर मिळालं.

गेल्या पावसाळ्यात मी त्याच मागच्या वस्तीत एका आशाताईंबरोबर फिरले. एका घरी सून पाण्याच्या रिकाम्या बाटलीनं लिटर मोजत होती. दारातली म्हातारी म्हणाली, “इससे तो और बढ़ेगा.” आशाताईंनी वाद घातला नाही. सुनेनं केलेल्या घोलातला पेला उचलला, अर्धा स्वतः प्यायल्या आणि उरलेला म्हातारीपुढे धरला.