महाविद्यालयाची वाट आणि उंबरठा

नागपुरास १९२३ साली विद्यापीठ स्थापन झाले. आमच्या भंडाऱ्याहून ते काही फार दूर नव्हते. परंतु धानाच्या बांधीत राबणाऱ्या मजुराच्या मुलाला ते अंतर खानावळीच्या खर्चाने मोजावे लागे. १९५८ मध्ये मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापिली. गोंदिया तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते. वाट आखूड झाली. फीचा प्रश्न उरला. अनुसूचित जातींसाठी १९४४ पासून असलेल्या शिष्यवृत्तीने तो काहींपुरता सोडविला. पण १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांची गणना केंद्राने अनुसूचित जातींत केली, ती १९९० साली. मधल्या चौतीस वर्षांत राज्याच्या सवलतींचाच काय तो आधार. महाविद्यालय गावाजवळ आणले, एवढ्यावर आम्ही समाधान मानले. उंबरठा ओलांडण्याचे बळ देणे, हे आमचेच अपुरे राहिलेले काम होय.