पाव, मीठ आणि सोयऱ्यांचे पंचांग

आतिथ्याला रशियन भाषेत ‘ख्लेबोसोल्स्त्वो’ म्हणतात. ‘ख्लेब’ म्हणजे पाव आणि ‘सोल’ म्हणजे मीठ. मानाचा पाहुणा आला की भरतकाम केलेल्या पंच्यावर पाव व मिठाची वाटी ठेवून ती त्याच्यापुढे धरली जाई, आणि तो पावाचा तुकडा मोडून, मिठाला लावून खाई. यातला पाव घरच्या धान्याचा असला तरी मीठ विकतचे असे, आणि करामुळे ते स्वस्तही नसे. मिठाच्या करावरून धुमसणारा असंतोष १६४८ मध्ये मॉस्कोत उठावापर्यंत गेला होता, आणि हा कर रद्द करण्याचा निर्णय व्हायला १८८० साल उजाडले. पाहुण्यापुढे मीठ ठेवणे म्हणजे पदरचे काही खर्चणे होते.

हे औदार्य ‘रशियन आत्म्या’च्या खाती जमा करण्याची जुनी खोड आहे, ती अर्धीच खरी. खेडोपाडी नातलगांचे येणे-जाणे मनाच्या लहरीवर नव्हे, तर चर्चच्या पंचांगावर चाले. प्रत्येक गावच्या चर्चचा एक संत किंवा सण ठरलेला असे आणि त्या दिवशीच्या उत्सवाला ‘प्रेस्तोल्नी प्राझ्द्निक’ म्हणत. एका गावाचा उन्हाळ्यातला पेत्रोव दिवस, तर दुसऱ्याचा शरदातला पोक्रोव. गावजत्रा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला याहून अधिक सांगायला नको. बाहेरगावी दिलेल्या लेकी, जावई, व्याही मुक्कामाला येत. घरी बियर तयार होई, सारण भरलेले ‘पिरोग’ भट्टीत भाजले जात, आणि ‘क्रास्नी उगोल’, म्हणजे घरातील संतचित्रांचा कोपरा, ही मानाची बैठक असे. पुढे पाहुण्यांच्या गावचा सण आला की यजमान तिकडे जाई, आणि तो न गेल्यास ते मनात धरले जाई. एकाच सणात कोठार रिकामे करणाऱ्या घराला हा खर्च परवडे तो या परतफेडीच्या भरवशावर.

मोठ्या उपवासाआधीच्या ‘मास्लेनित्सा’ आठवड्यात तर वारही वाटून दिलेले असत. मांस तेव्हा वर्ज्य, पण दूध-लोणी चालते, म्हणून ‘ब्लिनी’ नावाची धिरडी होत: बुधवारी जावयाने सासूकडे जायचे, शुक्रवारी सासूने जावयाकडे, आणि शनिवारी नव्या सुनेने नणंदांना बोलवायचे. नणंदेला ‘झोलोव्का’ आणि दिराला ‘देवेर’ असे वेगळे शब्द राखणारी ही भाषा आहे. त्यातला ‘देवेर’ संस्कृत ‘देवृ’चा सख्खा भाऊ, तसाच नवऱ्याच्या वडिलांसाठीचा ‘स्व्योकर’ ‘श्वशुर’चा. नाती इतकी नेमकी मोजणारा समाज पाहुणचारही मोजूनच करणार.

समोवार, म्हणजे चहाचे पाणी उकळण्याचे भांडे, या रिवाजात उशिरा आला. तुला शहरात लिसित्सिन बंधूंनी १७७८ मध्ये त्याचा कारखाना काढला, पण चीनहून क्याख्तामार्गे येणारा चहा महाग असल्याने तो शेतकऱ्याच्या घरी पोहोचायला एकोणिसावे शतक लागले. मधल्या नळीत कोळसे किंवा पाइनची बोंडे पेटवीत; साखरेचा खडा दातांनी कुरतडत पाहुणा पेल्यामागून पेला रिचवी, आणि पुरे झाले की पेला बशीत पालथा घालून उरलेला खडा त्यावर ठेवी. तोवर यजमानीण ओतत राही.

सोव्हिएत काळात चर्चना टाळी लागली, १९१८ मधील पंचांगबदलाने जुने दिवस तेरा दिवसांनी पुढे सरकले, आणि सणापायी शेतीची कामे अडतात म्हणून सरकारी यंत्रणा कुरकुरत राहिली. आज अनेक खेड्यांत साजरा होणारा ‘गावाचा दिवस’ तपासला, तर तो पुष्कळदा त्या जुन्या चर्चच्या सणाचाच निघतो.