रिपॅकची उतरण आणि ग्रीसने माखलेले हात

आमच्या अब्बांचे तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, हवा भरायचा पंप, पाण्याची लोखंडी पाटी आणि पान्यांचा एक डबा. शाळा सुटली की मी तिथे बसून छर्रे रॉकेलमध्ये धुवायचो. कॉलेजात गेल्यावर एकाने भर वर्गात मला ‘पंक्चरवाल्याचा पोरगा’ म्हटले. बाकीचे हसले. हा शब्द शिवी म्हणून वापरतात, हे मला त्या दिवशी कळले. घरी आल्यावर अब्बांना सांगितले. ते चाकाचा आउट काढत होते. मान वर न करता म्हणाले, “बेटा, पंक्चर काढता येणं ऐब नाही. न येणं ऐब आहे.”

ही गोष्ट आठवायला निमित्त झाले एका नावाचे. माउंटन बाइकच्या इतिहासाबद्दल वाचत होतो. त्यात कॅलिफोर्नियातल्या एका उतारावरच्या रस्त्याचे नाव आले, ‘रिपॅक’. हे नाव का पडले ते वाचले आणि जळलेल्या ग्रीसचा वास नाकात आला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी आहे. तिथे माउंट तामाल्पाइस नावाचा डोंगर आहे. पायथ्याच्या फेअरफॅक्स गावाजवळ वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेला एक कच्चा रस्ता साधारण दोन मैलांत तेराशे फूट खाली उतरतो. १९७०च्या दशकात तिथली काही तरुण पोरे जुन्या सायकलींवर हा उतार उतरत. त्या सायकलींना हातातला ब्रेक नव्हता. पेडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक लागायचा. एवढ्या उतारावर सतत ब्रेक दाबल्याने हब इतका तापायचा, की आतले ग्रीस धूर होऊन उडून जायचे. खाली पोहोचल्यावर हब खोलायचा आणि नव्याने ग्रीस भरायचे. इंग्रजीत हे पुन्हा भरणे म्हणजे ‘रिपॅक’. रस्त्याला तेच नाव चिकटले.

म्हणजे आज जगभर विकल्या जाणाऱ्या सायकलीच्या जन्मस्थानाचे नाव एका दुरुस्तीच्या कामावरून पडले आहे. अब्बांना हे सांगायला हवे होते.

भंगारातली एक्सेलसियर

ही पोरे कोणत्या सायकली वापरत होती, ते पाहू. १८९५ साली शिकागोत इग्नाझ श्विन या जर्मन स्थलांतरिताने भागीदारीत सायकलचा कारखाना काढला. पुढे ही कंपनी एक्सेलसियर नावाच्या मोटरसायकलीही बनवू लागली. महामंदीत, १९३१ साली, मोटरसायकलचा धंदा बंद झाला. सायकलही खपेना. तेव्हा १९३३ साली श्विनने जाड, फुग्यासारख्या टायरची सायकल बाजारात आणली. टायर सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद, फ्रेम वाकदार आणि दणकट. काही मॉडेलना पेट्रोलची नसलेली नुसती शोभेची टाकी. मुलांना ती मोटरसायकल वाटावी, एवढाच हेतू. क्रूझर म्हणतात ती हीच घडण.

चाळीसेक वर्षांनी या सायकली गॅरेजात, कोंबड्यांच्या खुराड्यामागे आणि भंगारात पडल्या होत्या. जो ब्रीझ या तरुणाने १९७३ साली अशीच एक १९४१ची श्विन पाच डॉलरला घेतली. जो ब्रीझ, गॅरी फिशर आणि चार्ली केली हे खरे तर पातळ टायरच्या सायकलींवर रस्त्यावर शर्यती खेळणारे. डोंगरात मात्र त्यांना ही अवजड सायकल हवी होती. त्यातही श्विनची जुनी एक्सेलसियर फ्रेम सगळ्यांत लाडकी. तिचा पुढचा चिमटा उभा नसून पुढे झुकलेला होता आणि दोन चाकांतले अंतर जास्त होते. त्यामुळे वेगात उतरताना हॅन्डल थरथरत नसे. मुलांना घरासमोर चकरा मारता याव्यात म्हणून केलेली घडण डोंगराच्या कामी आली.

मग सुरू झाले अब्बांच्या टपरीत चालायचे तसेच काम. आधी काढायचे ते सगळे काढले. मडगार्ड, साखळीवरचे पत्रे, टाकी, कॅरियर, स्टँड, सगळे उतरले. फ्रेमला कुठे तडा आहे का ते पाहिले. छर्रे आणि कोन बदलले. पुढच्या चिमट्याला दोन आधाराच्या सळया लावल्या. आमच्याकडे दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या सायकलींच्या चिमट्याला अब्बा लोखंडी पट्ट्या लावायचे, तसाच हा जुगाड. हॅन्डल रुंद केले. ब्रेकचा प्रश्न अवघड होता. क्रोम केलेली पोलादी रिम ओली झाली की रबराचे गुटखे तिच्यावर नुसते घसरतात. म्हणून जोडसायकलीचे ड्रम ब्रेक असलेले हब आणून त्यांना नवीन तारा ओवल्या. ड्रम ब्रेकला जोर लागतो, म्हणून हाताशी मोटरसायकलचे लांब लिव्हर बसवले.

राहिला चढ. एका गिअरच्या जड सायकलीवर डोंगर चढता येत नाही. ही पोरे सायकल ढकलत वर न्यायची किंवा ट्रकमध्ये टाकून न्यायची. गॅरी फिशरने एक्सेलसियरला रस्त्यावरच्या सायकलीचे गिअर जोडले आणि अंगठ्याने बदलता येतील असे लिव्हर हॅन्डलवर लावले. आता जी सायकल डोंगर उतरत होती, ती चढूही लागली. सगळा फरक इथे पडला. अशा जोडजाड सायकलीला ते ‘क्लंकर’ म्हणत. आपल्या भाषेत खटारा.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी रिपॅकवर पहिली शर्यत झाली. कोण वेगवान यावरचे वाद मिटवायला एकेकाला अंतराने सोडून घड्याळ लावायचे, एवढीच तिची रीत. ती जिंकली अॅलन बॉन्ड्सने. केलीच्या सांगण्यानुसार, न पडता खाली आलेला तो एकटाच होता.

शोध कोणाचा?

इथून पुढची गोष्ट कंपन्यांची आहे. १९७७ साली जो ब्रीझने नव्या पोलादी नळ्यांची फ्रेम स्वतः जोडली. घडण मात्र जुन्या एक्सेलसियरवरूनच घेतली. ती पहिली ब्रीझर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. १९७९ साली फिशर आणि केली यांनी टॉम रिचीने बनवलेल्या फ्रेम विकायला ‘माउंटनबाइक्स’ नावाची कंपनी काढली. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर आली, जपानमध्ये घाऊक बनवलेली. १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या सायकलींची शर्यत झाली. जिच्या जुन्या फ्रेमींवर हे सगळे उभे राहिले त्या श्विन कंपनीला हे वारे वेळेत ओळखता आले नाही. १९९२ साली तिचे दिवाळे निघाले.

इतिहासाच्या पुस्तकांत म्हणूनच तीन-चार नावे येतात. ज्यांनी पुढे कंपन्या काढल्या त्यांचीच. ते हुन्नरी होते, यात शंका नाही. पण १ डिसेंबर १९७४ रोजी मरिनमधल्याच मिल व्हॅलीत चिखलातल्या सायकलींची एक शर्यत झाली होती. दक्षिणेकडच्या क्युपर्टिनो गावातून आलेली काही मुले तिथे जाड टायरच्या, गिअर लावलेल्या, ड्रम ब्रेकच्या खटाऱ्यांवर उतरली. मरिनच्या मंडळींनी त्या सायकली डोळे भरून पाहिल्या. क्युपर्टिनोची मुले घरी गेली, त्यांनी कंपनी काढली नाही आणि बरीच वर्षे त्यांचे नाव कुणी घेतले नाही. त्याही आधी, १९५३ साली, जॉन फिन्ली स्कॉट या विद्यार्थ्याने श्विनच्याच फ्रेमवर जाड टायर, सपाट हॅन्डल आणि गिअर बसवले होते. त्याच सुमारास पॅरिसजवळची काही पोरेही असेच उद्योग करत होती.

आणखी मागे गेलो की १८९७ साल लागते. अमेरिकी लष्कराच्या २५व्या पायदळातले २० कृष्णवर्णीय सैनिक गोऱ्या लेफ्टनंट जेम्स मॉसच्या हाताखाली मोंटानातल्या मिसूलाहून निघाले आणि ४१ दिवसांत सेंट लुईसला पोहोचले. अंतर १९०० मैल. चिखल, वाळू, बर्फ आणि रेल्वेच्या स्लीपरवरून. सायकली खास बनवून घेतलेल्या होत्या: पोलादी रिम, मजबूत केलेला चिमटा, साखळीवर बंद पेटी. वाटेत मोडतोड झाली की जॉन फिंडली नावाचा त्यांच्यातलाच एक शिपाई दुरुस्ती करायचा. डोंगरवाटेसाठी सायकल बदलून घेण्याची कहाणी सांगताना यांच्यापासून सुरुवात करणारा लेख मला फार शोधावा लागला.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट दिसते. माउंटन बाइकचा ‘शोध’ लागला नाही. ती दुरुस्त होत होत तयार झाली. एकाने चिमट्याला आधार दिला, दुसऱ्याने हब बदलला, तिसऱ्याने गिअर लावला. ज्याच्याकडे नावाची पाटी लावायला दुकान, भांडवल आणि छापखाना होता, त्याचे नाव राहिले. दुरुस्ती करणाऱ्याचे हात पानाबाहेर गेले. हे फक्त सायकलीच्या बाबतीत घडते, असे मला वाटत नाही. आपले पाणचक्कीचे कारागीर, विणकर, तोफा ओतणारे यांचा इतिहास शोधताना हीच अडचण येते. बादशहाचे नाव शिलालेखावर असते, हातोडी धरणाऱ्याचे नसते.

या कहाणीला आणखी एक वळण आहे. ज्या मरिनमध्ये ही सायकल घडली, तिथल्या बहुतेक अरुंद पायवाटांवर आज सायकलीला बंदी आहे. रुंद कच्च्या रस्त्यांवर वेगाची मर्यादा आहे, ताशी १५ मैल. चालणाऱ्यांची, घोडेस्वारांची तक्रार होती, तीही खोटी नव्हती. फेअरफॅक्समध्ये मात्र २०१५ साली सायकलचे संग्रहालय उघडले. खटारे तिथे आता काळजीपूर्वक मांडून ठेवले आहेत.

अब्बा जाऊन सहा वर्षे झाली. टपरीच्या जागी मोबाइलचे दुकान आहे. पान्यांचा डबा माझ्याकडे आहे. मात्र दुधवाल्यांच्या चिमट्याला पट्टी लावायची कल्पना त्यांची स्वतःची, की त्यांच्या उस्तादांची, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. आता सांगणारे कुणी नाही. तुमच्या गावात असा एखादा उस्ताद अजून बसत असेल, तर त्याच्याजवळ तासभर बसा. त्याने काय काय जोडले, कुठून शिकला, ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. त्याचे नावसुद्धा लिहा.