चार अक्षरांची किल्ली

‘हा खेळ सेगाने किंवा सेगाच्या परवान्याने तयार केला आहे’, अशा अर्थाचे वाक्य १९९१ साली ॲकोलेड या अमेरिकी कंपनीचे खेळ सुरू होताना पडद्यावर काही क्षण दिसे. ते खोटे होते. खेळ सेगाचे नव्हते आणि परवानाही नव्हता. पण ते वाक्य ॲकोलेडने लिहिलेले नव्हते. सेगाच्याच यंत्रातून ते उमटत होते. आपली वस्तू प्रतिस्पर्ध्याच्या प्रणालीशी जुळवून घेताना कुठवर जावे, याचा विचार करायला हा खटला मला सर्वांत उपयोगी वाटतो. कायद्याचे अभ्यासक तो कॉपीराइटसाठी वाचतात. मला त्यातली नावाची भानगड अधिक महत्त्वाची वाटते.

सेगाचे जेनेसिस हे खेळयंत्र अमेरिकेत १९८९मध्ये आले. त्याच्यासाठी कॅसेट (कार्ट्रिजला आपल्याकडे सगळे कॅसेटच म्हणत) काढायची, तर सेगाचा परवाना घ्यावा अशी अपेक्षा होती. ॲकोलेडने बोलणी केली. पण तुमचे सगळे खेळ आम्हीच बनवून देऊ, या अटीवर ती फिसकटली. मग ॲकोलेडने यंत्रे आणि सेगाच्या तीन कॅसेटी विकत आणल्या, त्यांतला संकेत उलगडला, काय सांगितले म्हणजे यंत्र ऐकते याची टिपणवही केली आणि तिच्या आधारे स्वतःचे खेळ लिहिले. पंपाच्या आट्याचे माप घेऊन त्याला बसणारा पाइप करणाऱ्याला आपण चोर म्हणत नाही. हेही तसेच.

पुढे सेगाने यंत्रात पहारा बसवला. तैवानमधल्या नकलांमुळे कंपनी हैराण होती, ही तक्रार खरी होती. नवे यंत्र कॅसेटमध्ये ठरलेल्या जागी एस, ई, जी, ए ही चार अक्षरे शोधी. नसली तर खेळ चालेना. असली की ते वाक्य उमटे. जानेवारी १९९१च्या एका प्रदर्शनात आपला ‘इशिदो’ हा खेळ या यंत्राने नाकारलेला ॲकोलेडच्या माणसांनी पाहिला. त्यांनी पुन्हा शोधाशोध केली, वीस-पंचवीस बाइटांचा तो तुकडा हुडकला आणि आपल्या खेळांत घातला. उरलेला खेळ पाच ते पंधरा लाख बाइटांचा, आणि तो त्यांचा स्वतःचा.

ऑक्टोबर १९९१मध्ये सेगाने दावा लावला. एप्रिल १९९२मध्ये खालच्या न्यायालयाने ॲकोलेडला मनाई केली. ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने ती उठवली. न्यायमूर्ती स्टीफन राइनहार्ट यांचा सविस्तर निकाल ऑक्टोबरात आला. यंत्राची रीत समजून घ्यायला दुसरा मार्गच नसेल, तर त्यासाठी केलेली मधली नक्कल रास्त ठरते, हा त्याचा गाजलेला भाग. पण खोट्या नावाची जबाबदारी प्रामुख्याने सेगाची, असेही न्यायालयाने म्हटले. पहारा तिचा, वाक्य तिचे.

सुनावणीतला एक तपशील मला फार बोलका वाटतो. ते वाक्य न उमटवताही खेळ चालवता येतो, हे दाखवायला सेगाने दोन कॅसेटी पुढे केल्या. न्यायालयाने त्या खुशाल तपासाव्यात. ॲकोलेडला मात्र त्या पाहू द्यायला सेगाचा कडक विरोध. न्यायाधीशालाच दाखवायचे दार हे दार कसले?

नेमक्या याच कसोटीवर २००९मधले पाम कंपनीचे वर्तन मला पटत नाही. जूनमध्ये आलेला तिचा ‘प्री’ फोन ॲपलच्या आयट्यून्सला जोडला की स्वतःला आयपॉड म्हणवून घेई. जुलैमध्ये ॲपलने ती वाट बंद केली. आठवड्याभरात पामने फोनला थेट ॲपलचा यूएसबी उत्पादक क्रमांक लावला आणि वर यूएसबीच्या मानक संस्थेकडे ॲपलविरुद्ध तक्रारही केली. सप्टेंबरमध्ये संस्थेने उलट पामलाच सुनावले: दुसऱ्याचा क्रमांक वापरणे नियमात बसत नाही. त्याआधीच ब्लॅकबेरीने वेगळा प्रोग्रॅम देऊन, आयट्यून्सच्या गाण्यांची यादी वाचून तीच सोय केली होती. म्हणजे दार उघडे होते. पामचे प्रमुख जॉन रुबिनस्टाइन हे ॲपलच्या आयपॉड विभागाचे माजी प्रमुख. त्यांना हे ठाऊक नसेल हे संभवत नाही. ऑक्टोबर अखेरपर्यंत हा लपंडाव चालला, आणि प्रत्येक खेपेला अडकला तो फोन विकत घेतलेला माणूस. ॲपलबद्दल मला फारसे प्रेम नाही. दार उघडे ठेवणे ही तिची मेहेरबानी होती, हक्क नव्हे, आणि मेहेरबानी कधीही मागे घेता येते. तरीही उघड्या दाराशेजारची भिंत फोडून दुसऱ्याच्या नावाने आत शिरण्याचे समर्थन मला करता येत नाही.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९९च्या दुरुस्तीने कलम ५२मध्ये हीच अट आली: परस्परजुळणीसाठी लागणारी माहिती मिळवणे हा भंग नव्हे, मात्र ती अन्यथा सहज उपलब्ध नसावी.

त्या काळात मराठी छपाईतही अशीच कुलपे होती. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टात अक्षरांचे क्रमांक निराळे. एकीची फाइल दुसरीत उघडली की ‘क’च्या जागी भलतेच चिन्ह. काही खटपट्या लोकांनी छापील पान आणि फाइल शेजारी ठेवून, कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, असे तक्ते जुळवले. ना फॉन्ट चोरला, ना कुणाचे नाव लावले. बारा-पंधरा वर्षांच्या फायलींतले कितीतरी जुने मजकूर त्या तक्त्यांच्या आधारानेच युनिकोडमध्ये आले.