दाबोळी विमानतळाची पुनर्घडण : १९६१ ते १९६४

उद्ध्वस्त लष्करी विमानतळाच्या पुनर्बांधणीचा विचार करताना प्रथम काय नष्ट झाले आणि काय वाचले, हे पाहणे अगत्याचे असते. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘मायकेल’ या चक्रीवादळाने अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या टिंडॉल तळावरील बहुतेक सर्व इमारतींची हानी केली, आणि तेथे जवळजवळ नवा तळच उभारणे भाग पडले. वाऱ्याचा तडाखा इमारतींना बसतो; सपाट धावपट्टी सहसा बचावते. गोमंतकातील दाबोळीची कथा याच्या नेमकी उलट आहे. तेथील आपत्ती निसर्गाची नव्हती आणि तिची मर्यादा आधीच ठरवून दिलेली होती.

भारताने नाकेबंदी केल्यानंतर बाह्य जगाशी संपर्क राखण्यासाठी पोर्तुगीज शासनाने १९५० नंतरच्या दशकात मुरगावनजीकच्या पठारावर हा विमानतळ बांधला. ‘ऑपरेशन विजय’च्या वेळी हवाई कारवाईचे सूत्रधार एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांना मिळालेला आदेश सूचक होता : विमानतळ निकामी करावा, परंतु प्रवासी इमारत व इतर सोयी यांस धक्का लागू देऊ नये. १८ डिसेंबर १९६१ रोजी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर सुमारे ६३,००० पौंड बाँब टाकले. पाठोपाठ ८ विमानांची दुसरी तुकडी आली. इमारत उभी राहिली. जो प्रदेश उद्या आपलाच व्हावयाचा आहे, त्याची मालमत्ता आज मोडावयाची कशाला, हा हिशेब त्यामागे उघड दिसतो.

पहिली दुरुस्ती मात्र भारताने केलीच नाही. त्याच रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीची घाईघाईने डागडुजी केली आणि तळावर अडकलेली दोन वाहतूक विमाने उरल्यासुरल्या लांबीवरून अंधारात उडून कराचीस पोहोचली. बाँबहल्ल्याच्या परिणामकारकतेविषयी ही घटना पुष्कळ सांगून जाते. खड्डे बुजविता येतात. धावपट्टीचा मृत्यू काही तासांपुरताच असतो. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, पोर्तुगीज शासनाने शरणागती पत्करली.

म्हणून दाबोळीची खरी पुनर्घडण दगडमातीची नसून स्वामित्वाची होती. एप्रिल १९६२ मध्ये लष्करी राज्यपाल मेजर जनरल के. पी. कँडेथ यांनी विमानतळ नौदलाच्या हवाली केला. नौदलाची निकड खरीच होती. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका नोव्हेंबर १९६१ मध्ये मुंबईस आली होती. परंतु ‘हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ, ज्याची स्थापना सप्टेंबर १९६१ मध्ये झाली, तो समुद्रापासून दूर, कोइमतूरजवळ होता. जून १९६४ मध्ये ‘हंसा’ दाबोळीस हलविण्यात आला, आणि मूळचा नागरी विमानतळ नौदलाचा प्रमुख हवाई तळ बनला.

या बदलाची किंमत नागरी वाहतुकीने मोजली. पुढे प्रवासी विमाने सुरू झाली ती नौदलाच्या तळावरील पाहुणी म्हणून. नौदलाच्या सरावाच्या वेळांत त्यांना थांबावे लागे. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथून उड्डाणे सुरू होईपर्यंत गोमंतकास दुसरा नागरी विमानतळ नव्हता.