एका कोयत्याची वंशावळ

अमेरिकेत बैलगाड्यांचे तांडे पश्चिमेला गेले. १८६२ च्या कायद्याने त्यांतल्या अनेकांना १६० एकर जमीन मिळाली. श्रोतेहो, आमच्या आष्टी तालुक्यातूनही तांडे पश्चिमेलाच निघत.

१९७२ च्या दुष्काळानंतर आजी-आजोबांनी ऊसतोडीसाठी गाडी जुंपली. पुढे पाटसचा ‘भीमा’ आणि न्हावऱ्याचा ‘घोडगंगा’ साखर कारखाना उभा राहिला, तशी ती दौंड-शिरूरकडे वळली. गाडीत पीठ, भांडी, कोंबड्या आणि पोरं. काष्टीवरून पुढे भीमा ओलांडली की दौंड. फडाजवळ कोपी घालायची, पट्टा पडला की परत. जमीन कुठली? फिटली नाही ती उचल पुढच्या हंगामावर जाई.

हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. पहाटे उठून मोळ्या आजी बांधी. मुकादमाच्या वहीत नाव मात्र आजोबांचं. कोपीत जन्मलेल्या माझ्या वडिलांची शाळा दर हिवाळ्यात तुटली, ती कायमचीच.

आता ट्रॅक्टर आले, तरी पुष्कळ ठिकाणी मोजणी कोयत्याचीच आहे. म्हणून ज्यांच्या घरी अशी म्हातारी माणसं आहेत, त्यांनी त्यांच्याजवळ बसून सारं उतरवून घ्यावं. वंशावळ लिहिताना आजीचं नाव आधी लिहावं. ते दुसऱ्या कुठल्याच वहीत सापडणार नाही.