घोट्यातला एक मिलिमीटर

रिसर्चची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, लिटरेचर रिव्ह्यू करताना तुम्हाला एखादा तरी असा आकडा भेटेल, जो प्रत्येक पेपरात असतो पण ज्याचा मूळ पेपर फार थोड्यांनी उघडलेला असतो. मी सांध्यांच्या यांत्रिकीवर काम करते. माझ्याकडे तो आकडा आहे ४२ टक्के. घोट्यातलं टॅलस नावाचं हाड बाहेरच्या बाजूला एक मिलिमीटर सरकलं, की सांध्यात हाडाला हाड टेकण्याचं क्षेत्रफळ सरासरी ४२ टक्क्यांनी घटतं. हा आकडा कुठून आला आणि त्याच्यावर किती भार टाकता येतो, ते बघू.

आधी घोटा समजून घ्या. नडगीचं हाड (टिबिया) आणि बाहेरचं बारीक हाड (फिब्युला) मिळून खाली एक खाच तयार करतात. सुताराने चूल बसवावी तसा टॅलस त्या खाचेत बसतो. मुरगळून फिब्युला मोडलं आणि ते आखूड होऊन, थोडं बाहेर फिरून जुळलं, की खाच रुंदावते. हाड जुळलेलं असतं हे खरं, पण चुकीच्या जागी. याला मॅल्युनियन म्हणतात. अशा माणसाला प्लास्टर निघाल्यावरही जिना उतरताना दुखतं, घोटा सुजतो, आणि पुढे काही वर्षांत सांधा झिजू लागतो.

वाकडं जुळलेलं हाड ही नवी तक्रार नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नांवर वेगळा अध्याय आहे. बांबू, पिंपळ, औदुंबर, पळस यांच्या पट्ट्या बांधायला तिथे सांगितलंय. आपल्याकडचे हाडवैद्य आजही बांबूच्या कामट्या वापरतात. त्याच अध्यायात हेही आहे, की हाड वेडंवाकडं जुळलं असेल तर ते पुन्हा मोडावं, सरळ करावं आणि नव्या मोडीसारखे उपचार करावेत. तत्त्व म्हणून आजची शस्त्रक्रिया यापासून फार लांब नाही.

युरोपात या इतिहासाची सुरुवात बहुतेक जण पर्सिव्हल पॉटपासून करतात. हा लंडनचा सर्जन १७५६ मध्ये घोड्यावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. पुढे घोट्याच्या एका मोडीला ‘पॉट्स फ्रॅक्चर’ नाव पडलं, त्यामुळे त्याचा घोटाच मोडला होता असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडेल. तसं नव्हतं. त्याचं नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं. घोट्याची मोड त्याने नंतर, १७६० च्या दशकाच्या शेवटी, आपल्या पुस्तकात वर्णन केली: फिब्युला टोकाच्या दोन-तीन इंच वर मोडतं आणि टॅलस बाहेर सरकतो. अशा मोडीचा शेवट अनेकदा रुग्णाच्या लंगडण्यात आणि सर्जनच्या नामुष्कीत होतो, हे त्याने मोकळेपणाने लिहिलं. गुडघा वाकवून स्नायू सैल सोडले की हाड जागेवर आणणं सोपं जातं, हा त्याचा सल्ला.

पण मोड होते कशी? त्यासाठी पॅरिसमध्ये दुपुइत्रॉंने मृतदेहांवर घोटे मोडून पाहिले आणि १८१९ मध्ये ते लिहून काढलं. १८४० मध्ये मेझॉन्यव्हने पाऊल बाहेर वळण्याचा परिणाम दाखवला. नंतर डेन्मार्कच्या लाउगे-हान्सेनने याच वाटेने मोडींचं वर्गीकरण केलं. १८९५ मध्ये एक्स-रे आला आणि ‘जुळलं’ म्हणजे नेमकं कसं जुळलं, हे पहिल्यांदा दिसू लागलं. तोवर डोळा आणि हात एवढीच साधनं होती.

आता आपला आकडा. १९७६ मध्ये रॅम्झी आणि हॅमिल्टन यांनी मृतदेहांतले २३ घोटे घेतले. सांध्यात काजळी लावून हाड कुठे टेकतं त्याचा ठसा घ्यायचा, टॅलस थोडा सरकवायचा, पुन्हा ठसा घ्यायचा. सगळ्यात मोठी घट पहिल्याच मिलिमीटरला आली. कागदावर करून बघा: क्षेत्रफळ १०० चं ५८ झालं आणि वजन तेच राहिलं, तर सरासरी दाब सुमारे ७२ टक्के वाढतो. दोन पानांच्या पेपरने अनेक सर्जनना मिलिमीटरची भीती घातली. ती भीती बरीचशी योग्यच होती असं माझं मत आहे.

बरीचशी, सगळी नाही. या प्रयोगात टॅलस हाताने सरकवला होता. जिवंत माणसात आतल्या बाजूचं डेल्टॉइड लिगामेंट शाबूत असेल, तर वजन पडल्यावर टॅलस बहुतेक वेळा जागेवरच राहतो, हे नंतरच्या प्रयोगांत दिसलं. डेन्मार्कमध्ये अशा स्थिर मोडींचे रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे केले होते. सुमारे वीस वर्षांनी तपासले, तर बहुतेकांचे घोटे उत्तम होते. म्हणजे एक्स-रेवर फिब्युला किंचित हललेलं दिसलं की लगेच ४२ टक्के लागू होत नाहीत. आधी टॅलस सरकलाय का ते बघावं लागतं. पेपर सायटेट करताना ही अट गळून पडते. (गाईडने माझ्या पहिल्या ड्राफ्टवर लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं: ‘मेथड वाच’.)

आणि टॅलस खरंच सरकलेला असेल तर? १९८५ मध्ये वेबर आणि सिम्प्सन यांनी फिब्युला लांब करण्याची शस्त्रक्रिया मांडली. वाकडं जुळलेलं हाड कापायचं, खाली ओढून लांबी परत मिळवायची, आत फिरवायचं, मधल्या फटीत कमरेच्या हाडाचा तुकडा बसवायचा आणि प्लेट लावायची. किती लांब करायचं हे रुग्णाच्या दुसऱ्या, चांगल्या घोट्यावरून ठरतं. फिरलेपण साध्या एक्स-रेवर नीट कळत नाही, म्हणून आता दोन्ही घोट्यांचा सीटी स्कॅन करतात.

१९९० मध्ये मार्ती आणि सहकाऱ्यांनी अशा ३१ रुग्णांचे दीर्घकाळाचे निकाल छापले. तीन चतुर्थांशाहून जास्त जणांचा निकाल चांगला किंवा उत्तम होता. थोडी झीज सुरू झालेली असली तरी शस्त्रक्रिया नाकारण्याचं कारण नाही, असंही त्यांना दिसलं. माझ्या आत्याला दोन वर्षं ‘हाड जुळलंय, आता सवय करा’ एवढंच ऐकायला मिळालं होतं. तिच्यासाठी मला या पेपरातलं हेच वाक्य महत्त्वाचं वाटलं. सांधा पूर्ण झिजल्यावर मात्र तो जखडून टाकणं किंवा कृत्रिम सांधा बसवणं, एवढेच पर्याय उरतात. तिच्या दोन्ही घोट्यांचा सीटी पुढच्या आठवड्यात आहे.